अण्णाच्या तळहातावर

माझ्या गळ्यात लिंग का नाही, याचं खरं कारण मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला आणि माझ्या कॉलेजातल्या मंडळींना वाटतं, की मी शिकलो, चार पुस्तकं वाचली आणि विचार करून लिंग उतरवून ठेवलं. मी स्वतः होऊन तसं कधी बोललो नाही, पण कुणी बोललं तर खोडूनही काढलं नाही. एकदा एका सत्काराच्या सभेत वक्त्यानं माझ्या वैचारिक धैर्याचं कौतुक केलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

लिंग मी सोडलेलं नाही. ते मी माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, हातावर ठेवलं, त्याचंच आहे असं सांगून. वीसएक वर्षं झाली, तो रोज सकाळी त्याची पूजा करतो.

आमच्यातली रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून ती आधी सांगतो. बसवेश्वराला मानणाऱ्या आमच्या घरांतून लेकराच्या गळ्यात पाळण्यातच लिंग बांधतात. जांभळाएवढं असतं, काळंभोर, गुळगुळीत. ऐपतवाले त्याला चांदीची डबी करतात, आम्ही भाऊ वस्त्रात बांधून दोऱ्यानं गळ्यात घालायचो. देवळातल्या देवासारखं ते दहा जणांचं नसतं, ज्याचं त्याचं असतं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान असलं तर वाहायचं, आणि मग पाणी, मग भाकरी. दुसऱ्याच्या लिंगाला आपण हात जोडत नाही, आपलं दुसऱ्याच्या हातात देत नाही. हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर मठातल्या स्वामींच्या हातून नवं घेईपर्यंत, तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आणि माणूस गेला की तेच लिंग त्याच्या हातात ठेवून त्याला मातीत बसवतात. पाळण्यापासून मातीपर्यंत एकच.

आमचं गाव मुडबीपासून जवळ. वडील लवकर गेले. अण्णा तेव्हा चौथीत की पाचवीत होता, तो शाळेतून उठला तो थेट औतावर गेला. माझ्या वाट्याला शाळा आली. कल्याणीला उर्दूतून शिकलो, गुलबर्ग्याला बी.ए. झालो. घरात अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी, अण्णाशी मराठी, शाळेत उर्दू आणि परीक्षेला इंग्रजी, असं चार तोंडांनी बोलत मी मोठा झालो. निजामाचं राज्य जाऊन हैदराबाद राज्य आलं होतं, नव्या कचेऱ्या निघत होत्या, शिकलेल्या पोरांना बोलावणी येत होती. मी मात्र एम.ए. करायचं मनात घेतलं. दोन ठिकाणं नजरेत होती, हैदराबाद आणि पुणे. हैदराबादच्या प्रोफेसरांनी भेटीचा दिवस ठरवून कळवला होता. त्या दिवशी प्रत्यक्ष येऊन भेटा, बघा, मग जागेचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. पुण्याचं नंतर कधीही चाललं असतं.

मी एकटा जाणार म्हणालो तर अण्णानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"पोरगी द्यायची तर आधी घर बगतेत," तो म्हणाला. "भाऊ द्यायचा तर शाळा बगाया नको?"

हे हसण्यावारी झालं. खरं कारण वेगळं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत मी कल्याणीला शाळेत अडकून पडलो होतो. वाटा बंद होत्या, माझी काही खबर नव्हती, आणि अव्वा रोज वेशीपर्यंत येऊन उभी राहायची. मी सुखरूप आलो, पण तिची भीती गेली नाही. लांबच्या वाटेवर मला एकट्याला सोडणार नाही, असं तिनं अण्णाकडून वदवून घेतलं होतं. नुसतं वदवून नाही, लिंगावर हात ठेवून. अण्णाची ती शपथ मला जाच वाटायची. गुलबर्ग्याला कॉलेजात जाताना, येताना दर खेपेला तो बरोबर असायचा, आणि भेटला की मला, धाकट्या भावाला, पहिला प्रश्न ठरलेला: "तम्मा, लिंग गळ्यात हाय का?" असायचं. म्हणजे अण्णा न्यायला यायचा दिवस आला की मी पेटीतून काढून गळ्यात घालायचो. वसतिगृहात ते माझ्या पेटीच्या तळाशी सदऱ्यांखाली पडलेलं असायचं.

आषाढ उतरत आला होता. बैलगाडीनं कल्याणीला आलो, तिथून भालकीची मोटार धरली. भालकीला संध्याकाळची गाडी मिळाली असती तर सकाळी हैदराबाद, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भेट. हिशेब चोख होता. अव्वानं कडक ज्वारीच्या भाकरींची चळत आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मोटारीत अण्णा ते गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगत होता, आमचा तम्मा सोळावी शिकायला जायलाय. म्हातारा म्हणाला, सोळावीच्या पुढं काय असतंय. अण्णा म्हणाला, "त्याच्या म्होरं सरकार असतंय."

भालकी दोन-तीन कोसांवर असताना मोटार थांबली. समोर ओढा. एरवी त्यात चाकं भिजण्याएवढंही पाणी नसतं. वर कुठंतरी झोडपून पाऊस झाला असणार, कारण पाणी लाल होऊन दोन्ही काठ घासत चाललं होतं. ड्रायव्हर खाली उतरला, काठी टोचून पाणी बघितलं आणि मोटारीच्या पायरीवर बसून बिडी पेटवली. लोक त्याच्यामागं लागले. तो दखनीत म्हणाला, "नक्को जी. गाडी सरकार की है, जान मेरी है. पानी उतरे तक दोनों यहींच."

तासभर गेला, पाणी उतरायचं नाव घेईना. काही गडी सदरे डोक्याला गुंडाळून पलीकडं जायला लागले. पाणी कमरेच्या वर, छातीच्या खाली. मी अण्णाकडं बघितलं. गाडी चुकली तर भेट चुकेल, हे मी त्याला त्या तासाभरात इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी तो उठला. माझ्या पत्र्याच्या पेटीत माझी सर्टिफिकिटं होती. गळ्यातलं लिंगही मी काढून पेटीत टाकलं, भिजेल म्हणून. खरं तर लिंग भिजल्यानं काही होत नसतं, ते रोज भिजतं. गावापासून लांब आलो होतो, एवढंच. अण्णानं पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. "तुझे कागद भिजले तर म्होरं जाऊन काय दाखवतूस," म्हणाला. मी गाठोडं आणि घोंगडी घेतली.

मध्यावर पाण्याचा लोंढा आला, सोबत कसलंसं झुडूप. अण्णा अडखळला, छातीपर्यंत बुडाला, सावरला. मी मागं होतो. त्याचे दोन्ही हात माझ्या पेटीला होते. ती त्यानं वाकू दिली नाही. पलीकडं निघालो तेव्हा पेटीला थेंब लागला नव्हता.

पळत-चालत स्टेशन गाठलं तर गाडी गेलेली. पुढची सकाळी. पाय पसरून फलाटावरच आडवे झालो. भाकरीचं गाठोडं ओलं झालं होतं, म्हणून अण्णा म्हणाला सकाळी वाळवून खाऊ, आणि मी त्याला चिडून विचारलं की बैलगाडी आणखी लवकर का जुंपली नाही. तो म्हणाला, "बैलाला तुझी भेट म्हाईत नव्हती." मी हसलो नाही.

सकाळी अण्णा स्टेशनाच्या विहिरीवर अंघोळ करून आला. ओल्या धोतरानंच घोंगडीवर मांडी घालून बसला, भस्माचा डबा उघडला आणि हात गळ्याकडं नेला. तो हात तिथंच राहिला. मग त्यानं सदरा झटकला, घोंगडी उलटी केली, परत गळा चाचपला. दोरा तुटून गेला होता. ओढ्यात, मधल्या त्या लोंढ्यात.

मी त्याला इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. मग तो म्हणाला, "चल. मागं जायलाव आपण."

मी म्हणालो, गाडी यायचीच वेळ झाली.

"मठात जायला पायजे, तम्मा. स्वामींकडून दुसरं घेतल्याबिगर मला पाणी चालत न्हाई."

मी म्हणालो, मग तू जा, मी पुढं जातो.

"तुला एकट्याला सोडत न्हाई. अव्वाला सबद दिलाय." त्यानं पुन्हा गळ्याकडं हात नेला आणि खाली घेतला. "ज्याच्यावर हात ठिवून दिला ते गेलं. म्हणून सबद बी गेला का?"

मागं जायचं म्हणजे तो ओढा पुन्हा, मग कल्याणी, मग मुडबीचा मठ, मग तिथून परत. दोन-तीन दिवस सहज. भेटीचा दिवस गेला, जागा दुसऱ्या कुणाला गेली, आणि मी गावच्या कचेरीत कारकून झालो, हे सगळं मला फलाटावर बसल्या जागी दिसलं. अण्णाचं तोंड कोरडं पडलं होतं, कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि तो तसाच उपाशी ओढा उलटा ओलांडणार होता. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी जे केलं ते त्याच्या उपासासाठी केलं. ते खोटं आहे. उपास मला नंतर आठवला. आधी आठवला तो भेटीचा दिवस.

मी म्हणालो, थांब, घोंगडीच्या घडीत बघतो, तिकडं नळाजवळ झटकतो. पेटी आणि घोंगडी घेऊन मी नळाच्या आडोशाला गेलो. पेटीतून माझं लिंग काढलं, त्याचं वस्त्र ओलं केलं, चिखलात थोडं मळवलं, दोरा दातानं तोडला. आणि परत येऊन म्हणालो, "हे घे. घोंगडीच्या गोंड्यात अडकलं होतं."

अण्णानं वस्त्र सोडलं. लिंग तळहातावर घेतलं आणि बघत राहिला. बराच वेळ. मी शिकलेला, तो औताचा गडी. मी सांगेन तेच त्याला दिसेल अशी माझी खात्री होती. लहानपणी माझ्या हातून ते लिंग एकदा पडलं होतं आणि कडेचा टवका उडाला होता. त्या टवक्यावर लेप चढवून घ्यायला मला मठात नेणारा अण्णाच होता. हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

स्टेशनात घंटा झाली, गाडी आधीच्या स्टेशनावरून सुटली म्हणून. अण्णानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं. मग त्यानं चिमटीत भस्म घेतलं.

पूजा झाली. आम्ही भाकरी खाल्ली. ओल्या भाकरीला चटणी लावून तो हळूहळू चावत होता. मी पोटभर खाल्लं. गाडीत बसल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्याला विकाराबादपर्यंत हैदराबादच्या गोष्टी सांगत होतो. विकाराबादला गाडी खोळंबली, पुढं कुठंशी माती खचली होती. दुपार तिथंच गेली. अण्णानं एका तेलगू बाईकडून पेरू घेतले. तिची तेलगू आणि याची कानडी, दोघं किमतीवरून भांडली आणि शेवटी तिनं त्याला एक पेरू वर दिला.

हैदराबादला पोचलो आणि भेटीच्या दिवशी सकाळी सदरा-कोट घालून कॉलेजावर गेलो, तर दार बंद. शहरात हरताळ होता. रस्त्यावर पोलीस, दुकानं मिटलेली, दरवान म्हणाला, तीन-चार दिवस तरी काही होणार नाही, सगळ्यांच्या भेटी पुढं गेल्या. मी दारासमोर उभा राहिलो. भालकीहून मागं वळलो असतो, मठात जाऊन आलो असतो, तरी वेळेवर पोचलो असतो. अण्णाही तिथंच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "घाई झाली आपली."

बाजाराजवळच्या एका मठात आमच्याकडच्या वाटसरूंना उतरायला जागा होती. तिथं राहिलो. तिथल्या स्वामींकडूनही नवं लिंग घेता आलं असतं, पण त्यासाठी जुनं हरवलं म्हणून सांगावं लागलं असतं, आणि जुनं तर सापडलं होतं ना. मी दुसरीकडं तोंड करून बसायचो. माझ्यासमोर रोज सकाळी अण्णा माझं लिंग तळहातावर घ्यायचा. डोळे मिटून बसायचा तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायचा.

तरीही ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो. हरताळ दुपारचा थोडा सैल व्हायचा, तेव्हा आम्ही हिंडायचो. अण्णानं कॉलेजाचं वसतिगृह असं तपासलं, जसा बाजारात बैल तपासावा. भिंतीला अंगठा दाबून चुना बघितला. विहिरीचं पाणी पिऊन बघितलं. थेट स्वयंपाकघरात शिरला आणि वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. आचाऱ्यानं विचारलं, कौन जी आप. अण्णा म्हणाला, "हम लडका देने कू आए."

"अच्छा? दहेज क्या दिंगे?"

"लडकाच दहेज है."

आचारी हसून हसून खाली बसला आणि दोघांना वाटीभर वरण दिलं. वरण पातळ होतं. अण्णानं त्याला तोंडावर तसं सांगितलं, आणि पुढची दोन वर्षं मी तिथं राहिलो तेव्हा तो आचारी मला पोरगी म्हणायचा, सासरी वरण कसं आहे म्हणून विचारायचा.

शेवटी हरताळ मिटला आणि प्रोफेसर भेटले. गोरेपान, उर्दू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला जेवढं विचारलं त्याहून जास्त अण्णानं त्यांना विचारलं. आजारी पडला तर कोण बघणार. सुट्टीत गावाला सोडता का. त्याला एकट्याला बाहेर पाठवू नका. प्रोफेसरांनी विचारलं, इतने बडे लडके की इतनी फिक्र? अण्णा म्हणाला, "हमारी माँ कू जबान दिए साब." त्यांनी उठून स्वतः अण्णाला खुर्ची दिली. मला जागा मिळाली. कदाचित त्या खुर्चीमुळंच मिळाली असेल.

पुणं राहिलं होतं. आता गरज नव्हती, पण ठरलं आहे तर बघून घेऊ असं अण्णाच म्हणाला. दोन घरं बघितल्याशिवाय सोयरीक करू नये. वाडी जंक्शनला पहाटे उतरलो, पुण्याकडची गाडी धरायला, तर तीही उभी. पुढं भीमेच्या पुलाशी पाणी चढलं होतं. केव्हा सुटेल, कुणी सांगेना. उजाडलं. फलाटावर शहाबादी फरशीचा बाक होता, रात्रीच्या गारव्यानं थंडगार. आजूबाजूला अडकलेली माणसं, एक बाई लेकराला चहा पाजत होती. अण्णानं नळावर अंघोळ केली, बाकावर बसून पूजा मांडली. मी दुसऱ्या टोकाला बसून मठातून बांधून घेतलेली भाकरी सोडत होतो.

"तम्मा, इकडं ये."

मी गेलो. त्यानं डावा तळहात माझ्यासमोर धरला. भस्म लावलेलं लिंग त्यावर होतं.

"नमस्कार कर," तो म्हणाला.

आमच्यात दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात जोडत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. ते मला माहीत होतं आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो वाट बघत राहिला. हात हलला नाही. मी हात जोडले, वाकलो.

"आता खा भाकर," तो म्हणाला, आणि स्वतःही खायला बसला.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. त्याला भालकीच्या फलाटावरच समजलं होतं. घंटा झाली, त्यानं माझ्याकडं आणि पेटीकडं बघितलं, आणि माझ्यासाठी, अव्वाला दिलेल्या शब्दासाठी, जन्मभराची रीत मोडून भस्म उचललं. मी त्याला फसवलं असं मला वाटत होतं. तो फसलाच नव्हता. मी बोलायला हवं होतं. बाकावर बाजूला बसलो होतो, गाडी सुटत नव्हती, दिवसभर वेळ होता. मी काय बोललो ते मला आठवतं. मी म्हणालो, चटणी संपली का.

पुण्याला आम्ही गेलोच नाही. दुपारी अण्णा म्हणाला, दुसरं घर बघायची गरज न्हाई, तिथलं पाणी गोड हाय. गुलबर्ग्यापर्यंतची गाडी मिळाली, तिथून मोटारीनं गावाकडं. अव्वा वेशीवर होती. कसं आहे घर, तिनं विचारलं. अण्णा म्हणाला, "चांगलं हाय. वरण तेवढं पातळ हाय."

त्यानंतर मी दर सुट्टीत गावाला जायचो. "लिंग गळ्यात हाय का" हे अण्णानं पुन्हा कधी विचारलं नाही. एकदाही नाही. फक्त सकाळी पूजा झाली की हाक मारायचा, तळहात पुढं धरायचा, मी वाकायचो, आणि मग घरात भाकरी वाढली जायची. वैनीला ते विचित्र वाटायचं. ती एकदा म्हणाली, शिकलेल्या भाऊजीला कामून असं करायलाव. अण्णा म्हणाला, त्याला वेळ न्हाई, माझ्यातच उरकतंय. नंतर आमचा जिल्हा म्हैसूरकडं गेला, मी नोकरीला इकडं मराठवाड्यात आलो, सरकारं बदलली. ती सकाळची हाक बदलली नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. मठाच्या जत्रेत आमच्या गावाची पंगत असते. अण्णा पूर्वी वडलांच्या जागेवर, स्वामींच्या समोरच्या ओळीत बसायचा. त्या प्रवासानंतर तो पंगतीला बसायचा थांबला. धोतर खोचून वाढायला उभा राहतो. सगळ्यांची जेवणं झाली की मागं, आचाऱ्यांच्यात बसून खातो. हे मी चार-पाच जत्रांमध्ये बघितलं होतं आणि त्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. गावाला तो विनय वाटतो. ज्या सभेत माझं कौतुक झालं, तिथं मान खाली घालून बसलो असताना मला एकदम अण्णाच्या हातातली आमटीची बादली दिसली.

स्वतःचं लिंग नसलेला माणूस ओळीत बसत नाही, म्हणून तो बसत नाही. आणि नवं तो घेत नाही, कारण घ्यायचं तर जुन्याचं काय झालं ते स्वामींना सांगावं लागेल, आणि ते सांगितलं तर त्यात मी येतो.

या उन्हाळ्यात गेलो होतो. अण्णा थकला आहे, दम लागतो. वडलांच्या समाधीशेजारची जागा त्यानं वैनीला दाखवून ठेवली आहे. बोलता बोलता ती म्हणाली, किती दिवस झाले म्हणायलेत, एकदा मठात जायचंय. न्यायला पोरं तयार आहेत, तर म्हणतेत, तम्मा सवडीनं आला की जाऊ. मी म्हणालो, पुढच्या खेपेला नक्की. सकाळी त्यानं तळहात धरला. मी वाकलो आणि दुपारची मोटार धरून परत आलो.

त्याला मातीत बसवतील तेव्हा त्याच्या हातात माझं लिंग असेल, आणि त्याचं ओढ्याच्या कुठल्यातरी डोहात. ते तसं होऊ द्यायचं नसेल तर वेळ फार नाही.

भालकीच्या स्टेशनावरून मठाकडं जी वाट त्या सकाळी धरायला हवी होती, ती मी अण्णाला देणं लागतो. आणि तिथं पोचल्यावर, त्याच्या शेजारी उभं राहून, स्वामींसमोर स्वतःच्या तोंडानं हे सांगणं लागतो, की अण्णाचं लिंग माझी पेटी वाचवताना गेलं, आणि त्याच्या तळहातावर आहे ते माझं आहे.